करहाकटचे यात्रेकरू

विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त निघणाऱ्या स्मरणिकेसाठी इतिहासावर काहीतरी लिहा, असा संपादक मंडळाने आमच्यामागे लकडा लावला. आम्ही काही प्राध्यापक नव्हे. पाळी सुटल्यावर वाचनालयात बसून जे पदरात पडले तेवढीच आमची शिदोरी. पण गेल्या वर्षी विहारात एक भांडण झाले, ते पुष्कळांच्या लक्षात असेल. त्या भांडणाचे उत्तर शोधता शोधता जे सापडले ते इथे मांडत आहोत.

भांडण असे. आपल्या वस्तीतले तीसएक उपासक-उपासिका धम्मयात्रेला उत्तरेत गेले होते. बुद्धगया, कुशीनगर झाले, सारनाथ झाले. आता सारनाथला जायचे म्हणजे काशीच्या स्टेशनावर उतरणे आलेच. मंडळी परत आली आणि रविवारच्या वंदनेनंतर कुणाच्या तरी तोंडून निघून गेले की, पाच-सहा जणांनी दशाश्वमेध घाटावर जाऊन गंगेत बुड्या मारल्या आणि एकीने तर गडू भरून पाणीही आणले! झाले. तरुण पोरे उठली, म्हणाली, बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा कशाला दिल्या? त्यावर त्या बाईंचे म्हणणे, "एवढ्या लांब गेलो, अंग भिजीवलं तर कुनाचं काय गेलं?" दोन्ही बाजूंनी आवाज चढले. शेवटी पाणी बाईंनी तुळशीला घातले की पिंपळाला, ते आजतागायत कळलेले नाही.

बंधू-भगिनींनो, काशी आपल्याला परकी नाही, हे आधी लक्षात घेतले पाहिजे. ज्ञानप्राप्तीनंतर तथागत गयेहून चालत निघाले ते याच नगरीच्या वेशीवर, ऋषिपतनाच्या मृगदाय वनात आले. पहिले प्रवचन तिथे झाले. पाच भिक्खू झाले. पाठोपाठ वाराणसीच्या एका धनाढ्य श्रेष्ठीचा मुलगा यश आला. तेव्हाही ते शहर मोठे, तेव्हाही गंगा तिथेच होती. पण तथागत तिथे गेले ते काहीतरी द्यायला गेले, धुवायला नव्हे. पुढे अडीच हजार वर्षांनी, नोव्हेंबर १९५६ मध्ये, काठमांडूची जागतिक बौद्ध परिषद आटोपून परमपूज्य बाबासाहेब त्याच काशीत आले. प्रकृती पार ढासळलेली. तरी तिथल्या विद्यार्थ्यांपुढे ते बोलले, सारनाथला गेले. त्यानंतर पंधरवडाही उलटला नाही तोच ६ डिसेंबर उजाडला. म्हणजे त्यांची शेवटची यात्राही याच नदीकाठच्या शहराची.

आता अंग भिजवण्याबद्दल. मज्झिम निकायात वत्थूपम सुत्त आहे. वत्थ म्हणजे वस्त्र. मळके कापड कुठल्याही रंगात बुडवा, रंग धड बसत नाही. स्वच्छ कापडावर तो खुलून दिसतो, चित्ताचेही तसेच, असे तथागत भिक्खूंना सांगत आहेत. आमची तीस वर्षे रंगखात्यात गेली, त्यामुळे हे सुत्त पहिल्यांदा वाचले तेव्हा आम्हाला हसू आले. कोऱ्या कापडात खळ असते. ती काढली नाही, कापड नीट उकळून घेतले नाही, तर वरून कितीही भारी रंग घाला, डाग पडल्यावाचून राहत नाहीत. सुपरवायझर शिव्या देतो तो भाग वेगळा. तर हे चालले असताना शेजारी सुंदरिक भारद्वाज नावाचा ब्राह्मण बसलेला असतो. तो विचारतो, गौतम बाहुका नदीवर स्नानाला जातात का? तथागत त्याला सांगतात की, नद्यांत बुडून वाईट कर्म करणारा शुद्ध होत नाही. खरे बोल, प्राण्याला दुखवू नको, न दिलेले घेऊ नको. मग गयेला जायचे कारण काय, तुझ्या घरची विहीरही गयाच आहे. त्या ब्राह्मणाने पुढे संघात प्रवेश केला, हे विशेष.

त्याहून आम्हाला आवडते ती पुण्णा. श्रावस्तीच्या अनाथपिंडिकाच्या घरची दासी, पाणी भरणारी. मालकिणीच्या धाकाने कडाक्याच्या थंडीत नदीवर जाणारी. तिथे एक ब्राह्मण कुडकुडत पाण्यात उभा. ती विचारते, बाबा, मी तर मारझोडीच्या भीतीने उतरते, तू कुणाच्या भीतीने? तो म्हणतो, पाप धुतोय. यावर त्या पाणक्या बाईने काय विचारावे? पाण्याने पाप जात असेल तर बेडूक, कासवे, सुसरी सगळ्या स्वर्गात गेल्या असतील की! आणि नदी पाप वाहून नेते तर पुण्य तेवढे मागे ठेवते कशी? ही बाई थेरीगाथेत आहे. आपल्या आयाबायांनी डोक्यावर पाण्याच्या किती घागरी वाहिल्या, त्यांना ही पुण्णा आधी सांगायला हवी होती. ती आम्ही सांगितली नाही, नुसत्या प्रतिज्ञा म्हणवून घेतल्या. ही चूक आमच्यासारख्या कार्यकर्त्यांची आहे.

काशी लांब राहिली. आपल्या दारातली काय वेगळी आहे? महाबळेश्वराहून निघालेली कृष्णा वाईला येते, तिला लोक दक्षिण काशी म्हणतात. तिथले घाट सुंदर आहेत, ते नाकारण्यात अर्थ नाही. ढोल्या गणपतीचे देऊळ रास्त्यांनी १७६२ साली बांधले. खाली सातारजवळ माहुलीला वेण्णा मिळते. तिथे छत्रपती शाहू महाराजांची समाधी आहे. कराडला कोयना मिळते, हरिपूरला वारणा. प्रत्येक संगमावर देऊळ, प्रत्येक देवळाला घाट. घाट कुणी बांधला ते शिलेवर किंवा बखरीत असते. त्याचे दगड कुणी वाहिले ते कुठे नसते. आणि आमच्या वाडवडिलांचा पाणवठा? तो गावाच्या खालच्या अंगाला. वरच्या अंगाला सवर्ण, मग बाकीचे, मग जनावरे, मग आम्ही. नदी पवित्र होती म्हणतात. आमच्यापर्यंत येताना तिचे पावित्र्य किती उरत असेल, याचा हिशेब कुणी केला नाही.

या नदीच्या मुलखात बाबासाहेबांचे बालपण गेले. माता भीमाबाईंचे निधन साताऱ्यात झाले, त्यांची समाधी तिथेच आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी राजवाड्यातल्या शाळेत त्यांचे नाव दाखल झाले. तो दिवस २०१७ पासून महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. पुढच्या वर्षी, १९०१ च्या सुमाराला, वडील खटाव तालुक्यात गोरेगावला दुष्काळी तलावाच्या कामावर खजिनदार होते, त्यांना भेटायला ही मुले साताऱ्याहून आगगाडीने मसूरला उतरली. नवे कपडे, जरीच्या टोप्या. स्टेशन मास्तराने जात विचारली आणि तो पाच पावले मागे सरला. गाडीवान मिळेना, दुप्पट भाडे देऊन, गाडी मुलांनी हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचे, या बोलीवर एकजण तयार झाला. वाटेत भाकरी सोडली, तर पाणी नाही. नदीच्या पात्रात एक डबके होते, त्यात गुरांच्या शेणमुताचा चिखल. जकातनाक्यावर मुसलमान असल्याचे सांगून पाहिले, तरी पाणी मिळाले नाही. नऊ-दहा वर्षांच्या पोराने ती रात्र उपाशीतापाशी काढली. हे सगळे त्यांनी स्वतः इंग्रजीत लिहून ठेवले आहे. १९२७ साली महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, त्याची तहान आमच्या मते मसूरच्या वाटेवर लागलेली होती.

हे सगळे बोलून झाल्यावर विहारात ठरले की, काशीवरून भांडण्यापेक्षा एकदा आपले कराड पाहून येऊ. माघ पौर्णिमेनंतरच्या रविवारी दोन गाड्या केल्या. पोरे, बाया, म्हातारी मंडळी मिळून बावीस जण. आधी मसूर स्टेशनला गेलो. फलाटावर उभे राहून त्रिशरण म्हटले. तिकिटाच्या खिडकीतला माणूस चांगला होता, त्याने आपण होऊन विचारले, कशासाठी आलात? सांगितल्यावर म्हणाला, मला हे ठाऊक नव्हते. पाण्याचा नळही त्यानेच दाखवला. म्हातारी माणसे त्या नळाचे पाणी प्यायली, तहान नसताना प्यायली.

तिथून कराडला, संगमावर. कृष्णा आणि कोयना दोघी महाबळेश्वराच्या. तिथून वेगवेगळ्या निघतात आणि इथे समोरासमोर येऊन भेटतात, म्हणून त्याला प्रीतिसंगम म्हणतात. यशवंतराव चव्हाणांची समाधी तिथेच. रविवारची गर्दी, भेळेच्या गाड्या, एका बाजूला कुणाचे तरी दहावे चाललेले. आमचे तरुण म्हणत होते की, गाडीतून उतरायचेच नाही. पण उतरलो.

आणि तिथे आमच्या थोरल्या आत्याने कनवटीची पुरचुंडी काढली. आमच्या मामांची राख. दोन वर्षे तिने ती घरात ठेवली होती, कुणाला बोलली नव्हती. जन्मभर हळदीच्या गोदामात पाखडणी केलेली बाई, तिची बोटे अजून पिवळी आहेत. म्हणाली, "आरं बाबा, भट नको मला, पिंड नको. हितनं खाली सांगलीला आपल्या दारावरनंच जानार न्हवं हे पानी? तेवढंच त्येंला घर दिसंल."

आम्ही पंचवीस वर्षे व्यासपीठावरून श्राद्धपक्षाविरुद्ध बोलत आलो. त्या वेळी तोंडून शब्द फुटला नाही. बोलली ती आमच्या पुतण्याची मुलगी, बी.ए.ला आहे. तिने आजीजवळ बसून सांगितले की, तथागतांच्या अस्थींचे आठ वाटे झाले आणि त्यावर आठ स्तूप उभे राहिले; नदीत सोडल्या नाहीत. भीमाबाईंची समाधीसुद्धा जमिनीवर आहे. आपली माणसे आपण मातीत ठेवावीत, वर झाड लावावे, म्हणजे पुढच्यांना जागा राहील. खरे सांगायचे तर हा मुद्दा आमच्याही डोक्यात कधी आला नव्हता. आत्याने शांतपणे ऐकून घेतले. म्हणाली, "तुजं बी खरं, माजं बी खरं." आणि निम्मी राख पाण्यात सोडली, निम्मी परत पदरात बांधली. पोरांनी तोंडे फिरवली. यात प्रतिज्ञा मोडली असे आम्हाला वाटत नाही; भट नव्हता, पिंड नव्हता, पापपुण्याची भाषा नव्हती. ज्यांना वाटते त्यांनी पुढच्या रविवारी जरूर बोलावे, आम्ही उत्तर देऊ. उरलेली निम्मी अजून तिच्या शिंक्यावर आहे. विहाराच्या आवारात पिंपळ कुठे लावायचा हे कमिटीचे ठरत नाही.

दुपारी जखिणवाडीकडून आगाशिवाचा डोंगर चढलो. कराडच्या नैर्ऋत्येला हा डोंगर आहे. माथ्यावर महादेवाचे देऊळ, श्रावणात लोक तिकडे जातात आणि वाटेवरच्या लेण्यांना पांडवांची म्हणून मोकळे होतात. लेणी एक-दोन नाहीत, साठाहून अधिक आहेत. सातवाहनांच्या काळातली, बुद्धमूर्ती सुरू होण्याआधीच्या वळणाची. त्यामुळे इथे मूर्ती नाही, स्तूप आहे. भिक्खूंच्या लहान लहान खोल्या, निजायला दगडी ओटे, पावसाचे पाणी साठवायला खडकात खोदलेली टाकी. एका लेण्याच्या दर्शनी बाजूला स्तंभावर चक्र कोरलेले आहे. भिंतींवर कोळशाने आणि खिळ्याने प्रेमवीरांनी आपली नावे लिहून ठेवली आहेत. त्याबद्दल न लिहिलेले बरे.

पण एक नाव जुने आहे. ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत एक लहानसा लेख इथे आहे: गोपालाचा मुलगा संघमित्र याने दिलेले लेणे. बस्स, एवढेच. राजा नाही, सरदार नाही. बापाचे नाव गोपाल. गुरे राखणाऱ्या कुळातला होता की नुसते नाव तसे, ते दगड सांगत नाही. पोराचे नाव मात्र संघाचा मित्र.

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते सांगतो. मध्य प्रदेशात सतना जिल्ह्यात भारहूत म्हणून गाव आहे. तिथे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात मोठा स्तूप होता, भोवती कोरीव दगडी कठडा. १८७३ साली कनिंगहॅम साहेबाला तो मातीखाली सापडला. कठड्याचे बरेचसे अवशेष आज कलकत्त्याच्या संग्रहालयात आहेत. या कठड्याच्या खांबांवर आणि आडव्या दगडांवर, ज्यांनी ज्यांनी ते दिले त्यांची नावे आहेत. विदिशेचे, पाटलिपुत्राचे, आपल्या नाशिकचे. आणि त्यांत करहाकटचे! करहाकट म्हणजे आपले कराड, असे विद्वानांनी ठरवलेले आहे. भूतक नावाच्या आर्याने दिलेला खांब आहे, आणखीही एक-दोन माणसे त्याच गावची आहेत. आणि एक लेख असा आहे की त्यात माणसाचे नावच नाही. करहाकटच्या निगमाचे दान, एवढेच लिहिले आहे. निगम म्हणजे बाजारपेठेचे गाव. साऱ्या गावाने मिळून दिलेला दगड.

कराडपासून भारहूत सरळ रेषेतसुद्धा हजार किलोमीटरच्या वर पडते. कृष्णा सोडायची, भीमा, गोदावरी, तापी, नर्मदा एकामागून एक ओलांडायच्या. बैलगाडी नाही तर पायी. लमाणांच्या तांड्याबरोबर गेले असतील, पावसाळ्यात वाटेत कुठे अडकून पडले असतील, एखादा परत आलाही नसेल. जिथे आज आपण भेळ खातो त्या संगमावरून ही माणसे निघाली आणि त्यांनी तिथे नेले काय, तर गावभरातून गोळा केलेली वर्गणी. घाट नव्हते, देवळे नव्हती, कऱ्हाडे ब्राह्मण हे नावही अजून जन्माला यायचे होते, त्या वेळचे हे यात्रेकरू. काशीला बुडी मारली म्हणून ज्यांच्यावर पोरे ओरडली, त्या बाईंना आम्ही हे सांगितले. त्या एवढेच म्हणाल्या, "मग हे आदी का न्हाई सांगितलं? सारनाथला पन कायतरी देऊन आलो असतो."

कोकणातही एक कराडकर आहे. रायगड जिल्ह्यात कुडा येथे खाडीवर लेणी आहेत. तिथल्या एका लेण्याचा दाता महिक, धंद्याने लोखंडाचा व्यापारी, राहणार करहाकड. सह्याद्री उतरून लोखंड घेऊन जायचा आणि बंदरावर विकायचा असणार. त्याने पैसे शिल्लक टाकले आणि डोंगरात भिक्खूंना पावसाळ्यात राहायला खोल्या खोदून दिल्या. त्याच कुडाला माळ्याचे दान आहे, कार्ल्याला सुताराचे आहे. हातात अवजार असलेली माणसे ही. आपण लेण्यांना राजांची लेणी म्हणतो ते निम्मेच खरे आहे.

डोंगरावरून उतरताना हे सगळे आम्ही मंडळींना सांगत होतो. खाली बसल्यावर आत्याने विचारले, "त्या दगडावर समद्यांची नावं न्हाईत व्हय? मग कुनी किती दिलं कसं कळायचं?" म्हटले, कळत नाही. ती बराच वेळ गप्प होती.

तिच्या गप्प होण्याचे कारण आम्हाला माहीत होते, आणि ते इथे लिहायला हवे, कोणाला राग आला तरी. आपल्या विहाराचे दुसऱ्या मजल्याचे काम झाले तेव्हा दात्यांची संगमरवरी फरशी बसवायचे ठरले. पाच हजारांच्या वर देणाऱ्यांचीच नावे कोरायची, असा ठराव झाला. त्या ठरावावर आमचीही सही आहे. अठरा नावे कोरून झाली. आत्याने महिन्याला पन्नास रुपये प्रमाणे तीन वर्षे दिले, हळदीच्या मजुरीतून. स्लॅबच्या दिवशी घमेली वाहिली. २०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी कृष्णा सत्तावन्न फुटांवर गेली, आपल्या वस्तीत पुरुषभर पाणी शिरले, घरातले किडूकमिडूक वाहून गेले. पण पाणी ओसरल्यावर विहारातला गाळ उपसायला पहिली आली ती हीच. फरशीवर तिचे नाव नाही. तिच्यासारख्या सव्वाशे जणांचे नाही. त्यांनी कधी तोंडाने म्हटले नाही, आम्हीही कधी विचारले नाही.

कराडहून आल्यावर कमिटीची बैठक बोलावली. करहाकटच्या निगमाचा लेख कागदावर लिहून मध्ये ठेवला. तीन तास वाद झाला. एक म्हणाले, ज्याने दिले त्याचे नाव आले पाहिजे, संघमित्राचे नाही का आले, भूतकाचे नाही का आले? मुद्दा खोटा नव्हता. दुसरे म्हणाले, मग सव्वाशे नावे कोरा. त्याला फरशी पुरेना, कोरणावळ परवडेना. शेवटी जे ठरले ते एका ओळीचे आहे: समस्त वस्तीचे दान. खाली साल. अठरांपैकी दोघांनी राग धरला आहे आणि त्या बैठकीनंतर ते वंदनेला आलेले नाहीत. वर्धापन दिनाला त्यांनी यावे, अशी या लेखातून आम्ही त्यांना विनंती करतो. त्यांच्या पैशावाचून दुसरा मजला झाला नसता, हे आम्ही विसरलेलो नाही.

नवीन फरशी घेतली नाही. जुनीच उतरवली, तिची मागची बाजू कोरी होती. पाथरवटाने ती घासून ठेवली आहे.